वलंदेजांचें सिंहछाप नाणें

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत युरोपियन व्यापार्‍यांच्या आगमनाचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारिलें, "सर, पोर्तुगीज आले, वलंदेज आले, इंग्रज आले, आणि त्यांनीं आपल्याकडून कापड, नीळ, मिरीं विकत घेतलीं असें पुस्तकांत आहे. मग त्यांनीं पैसे कसले दिले? ते पैसे आतां कोठें आहेत?" पाठ्यपुस्तकांत या प्रश्नाचें उत्तर नव्हतें आणि माझ्यापाशींही नव्हतें. "उद्यां सांगतों" असें म्हणून मीं त्या दिवशीं वेळ मारून नेली, हें येथें कबूल करणें भाग आहे. उद्यांचे पुढें बरेच महिने झाले. त्या अवधींत जें वाचावयास मिळालें, त्यांपैकीं एका नाण्याची हकीकत विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या पुढें ठेवीत आहें.

त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक लहान भाग आपल्या घरच्या पेटींतच सांपडेल. आजीच्या किंवा पणजीच्या गळ्यांतील पुतळ्यांची माळ आठवा. पुतळी ही मूळची व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्यावरून, म्हणजे डुकाटावरून, आलेली आहे. त्या नाण्यावर एका संतापुढें गुडघे टेकून बसलेला तेथील राज्यप्रमुख दाखविलेला असे. आपल्या लोकांनीं त्या आकृति आपल्या देवांच्या मानल्या, आणि पुढें सोनारांनीं तोच नमुना आपल्या समजुतीप्रमाणें घडविला. अशा रीतीनें परदेशचें सोनें गळ्यांत राहिलें. पण परदेशांतून येथें जें आलें त्यांत वजनानें पाहतां रुपें पुष्कळच अधिक होतें, आणि त्या रुप्याचीं नाणीं मात्र आपल्या पेट्यांत बहुधा आढळत नाहींत. तीं कोठें गेलीं हें समजण्यासाठीं तीं कोणीं आणलीं, कशीं होतीं आणि येथें आल्यावर त्यांचें काय झालें, हें पाहिलें पाहिजे.

वलंदेज म्हणजे हॉलंडचे, ज्यांस आपण आतां डच म्हणतों ते लोक. हॉलंडच्या पोर्तुगीज नांवावरून मराठींत हा शब्द आला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत इतर टोपीकरांबरोबर वलंदेजांचाही उल्लेख आहे. त्यांची ईस्ट इंडिया कंपनी इ. स. १६०२ त स्थापन झाली. सुरतेस १६१६ त आणि कोंकणांत वेंगुर्ल्यास १६३७ त तिनें वखार घातली. वेंगुर्ल्याच्या वखारीच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत.

आपल्या शहराचाही या लोकांशीं अगदीं आरंभापासून संबंध आलेला आहे. हल्लींचें छत्रपती संभाजीनगर म्हणजे मलिक अंबरानें १६१० त वसविलेली खडकी. १६१७ त सुरतेच्या दक्षिणेस वलंदेजांचीं दोन जहाजें फुटलीं. त्यांवरील पीटर वान देन ब्रूके नांवाचा अधिकारी आपलीं माणसें घेऊन खुष्कीच्या वाटेनें मच्छलीपट्टणास निघाला, आणि वाटेंत दख्खनच्या मुलुखांत त्यानें मलिक अंबराची भेट घेतली. ती हकीकत त्यानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविली आहे. पुढें तावेर्निये आणि तेव्हनो हे फ्रेंच प्रवासी सुरतेहून गोवळकोंड्यास जातांना आपल्याच शहरावरून गेले. सुरतेच्या बंदरांत जें उतरे, त्याची एक वाट आपल्या वेशींतून जात होती.

आतां प्रत्यक्ष नाण्याकडे वळूं. वलंदेजांनीं पूर्वेकडे अनेक प्रकारचें रुपें आणिलें. स्पेनचे रिआल आणिले, स्वतःचे राइक्सडाल्डर आणिले, नुसत्या लगडीही आणिल्या. त्यांच्या स्वतःच्या नाण्यांत देशोदेशीं सर्वांत अधिक फिरलें तें लेउवनडाल्डर, म्हणजे सिंहाचा डाल्डर. 'डाल्डर' हा शब्द जर्मन 'थालर' वरून निघाला, आणि थालर हा बोहेमियांतील योआखिमस्थाल या खाणीच्या गांवावरून. 'थाल' म्हणजे दरी. अमेरिकेचा 'डॉलर' हा याच घराण्यांतला. विद्यार्थ्यांनीं हें लक्षांत ठेविलें तर त्यांस एका शब्दांत तीन देशांचा इतिहास पाठ होईल.

सिंह-डाल्डर प्रथम १५७५ त हॉलंड प्रांतानें पाडला. त्या वेळीं हॉलंड व त्याचे शेजारी प्रांत स्पेनच्या राजाविरुद्ध लढत होते. ही लढाई १५६८ पासून १६४८ पर्यंत, म्हणजे ऐंशीं वर्षें चालली. लढाईस पैसा लागतो, आणि स्वतःचें नाणें पाडणें म्हणजे आपण कोणाचे ताबेदार नाहीं असें जगास सांगणें होय. नाण्याच्या एका बाजूस चिलखत घातलेला एक योद्धा उभा आहे, आणि त्याच्या पायांपुढें धरलेल्या ढालीवर सिंहाचें चित्र आहे. दुसर्‍या बाजूस मागच्या पायांवर उभा राहून पंजे उगारलेला मोठा सिंह आहे. कडेनें लॅटिन अक्षरें आहेत. योद्ध्याच्या बाजूस, हें एकवटलेल्या प्रांतांचें रुप्याचें नाणें आहे अशा अर्थाचे शब्द तोडून तोडून लिहिलेले असतात, व शेवटीं प्रांताचें नांव असतें. सिंहाच्या बाजूचें वचन आपल्या विद्यार्थ्यांस परिचयाचें वाटेल, कारण तें स्तोत्रसंहितेच्या १२५ व्या स्तोत्राच्या आरंभावरून घेतलेलें आहे. प्रभूवर ज्याचा भरवसा आहे तो ढळत नाहीं, असा त्याचा भाव. स्पेनच्या सैन्यानें शहरांमागून शहरें वेढलीं असतां हे शब्द कोरणार्‍यांच्या मनांत काय असेल, हें सांगावयास नको.

मात्र शब्दांइतकें नाणें निर्मळ नव्हतें. सिंह-डाल्डराचें वजन २७.६८ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापानें सुमारें दोन तोळे साडेचार मासे. त्यांत शेंकडा ७५ भाग रुपें, बाकीचें हीण. म्हणजे शुद्ध रुपें सुमारें पावणेएकवीस ग्रॅम. त्याच देशाचा राइक्सडाल्डर २९ ग्रॅमांचा, आणि त्यांत शेंकडा साडेअठ्ठ्याऐंशीं रुपें, म्हणजे सुमारें पावणेसव्वीस ग्रॅम. आकारानें दोन्ही नाणीं जवळजवळ सारखीं, परंतु पोटांत पांच ग्रॅमांचा फरक! घरच्या बाजारांत हा फरक सर्वांस ठाऊक असे व दोघांचा भाव निराळा असे. सिंह-डाल्डर आरंभीं ३२ स्टायव्हरांस चाले, तो पुढें ३८ व ४० पर्यंत चढला. पण दूरदेशीं, जेथें घेणारा रूप पाहून घेतो, तेथें हलकें नाणें देऊन टाकणें आणि जड नाणें राखून ठेवणें यांत व्यापार्‍याचा लाभ होता. म्हणूनच हें नाणें बाहेर जाण्यासाठींच जन्मास आलें असें म्हटलें तरी चालेल.

तें गेलेंही फार दूर. तुर्कांच्या साम्राज्यांत त्यास 'असदी' म्हणत. आपल्या शहरांत उर्दू जाणणारे पुष्कळ आहेत. 'असद' म्हणजे सिंह, हें त्यांस सांगावयास नको. अरबांच्या मुलुखांत मात्र या सिंहाची मोठी फजिती झाली. हीं नाणीं घणानें ठोकून पाडलेलीं असत, ठसा बहुधा अर्धवट उठे, आणि हातोहातीं फिरून तो आणखी झिजे. तेव्हां आयाळ पुसून गेलेल्या त्या प्राण्याकडे पाहून लोकांनीं त्यास 'अबू कल्ब', म्हणजे 'कुत्र्याचा बाप', असें नांव दिलें. अमेरिकेंतील इंग्रज वसाहतींतही हें नाणें 'कुत्र्याचा डॉलर' म्हणून ओळखलें जाई. दोन दूरच्या देशांतील लोकांनीं एकमेकांस न विचारतां एकच चूक करावी, हें चित्रकाराला लाजिरवाणें खरें, पण नाण्याच्या प्रसाराचा याहून चांगला पुरावा कोणता? रुमानियानें १८६७ त आपल्या नाण्यास 'लेउ' व बल्गेरियानें १८८१ त 'लेव्ह' असें नांव दिलें. दोहोंचा अर्थ सिंह, आणि तो हाच सिंह. इटलींतील व जर्मनींतील कांहीं लहान संस्थानिकांनीं याच्या नकलाही पाडल्या. कित्येक नकलांत रुपें अस्सलाहूनही कमी असे. हॉलंडांत तें १७१३ पर्यंत पाडलें जात होतें.

या नाण्याचें रुपें कोठलें, हेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मध्य युरोपच्या खाणींतून कांहीं येई, पण त्या काळच्या जगांतील रुप्याचा मोठा भाग दक्षिण अमेरिकेंतून, मुख्यतः पोतोसी येथील डोंगरांतून निघे. हा डोंगर आज बोलिव्हिया देशांत आहे. तेथें १५४५ त रुपें सांपडलें, आणि पुढें स्पेनच्या अधिकार्‍यांनीं आसपासच्या मूळ रहिवाशांस पाळीपाळीनें सक्तीनें खाणींत उतरविण्याची पद्धति घातली. किती माणसें त्या खाणींत व पार्‍याच्या विषानें मेलीं याची मोजदाद नाहीं. तेंच रुपें स्पेनमध्यें येई, आणि स्पेनशीं युद्ध चालू असतांही व्यापाराच्या द्वारें तें ॲम्स्टरडॅमला पोंचे. स्पेनच्या जुलुमाविरुद्ध पाडलेलें नाणें स्पेनच्या जुलुमानेंच काढलेल्या रुप्याचें असावें, ही गोष्ट मला वर्गांत सांगतांना दर वेळीं अवघड वाटते. आमच्या खडकीचा संस्थापक मलिक अंबर हाही लहानपणीं हबसाणांतून गुलाम म्हणून विकला गेला होता. त्या काळीं माणसांचाही भाव नाण्यांत होत असे.

आतां मूळ प्रश्न. हीं नाणीं येथें आलीं, मग गेलीं कोठें? याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर, भट्टींत गेलीं.

मोगलांच्या राज्यांत परकें नाणें नाणें म्हणून चालत नसे. तें फक्त धातु समजलें जाई. सुरतेस उतरलेलें रुपें एक तर सरकारी टांकसाळींत न्यावें, नाहीं तर सराफास विकावें, असे दोनच मार्ग. टांकसाळ सर्वांस मोकळी होती. कोणीही रुपें घेऊन जावें, हशील भरावें आणि रुपये घेऊन यावें. हशील व खर्च मिळून सुमारें शेंकडा पांच-सहा पडत. परंतु जहाजें आलीं म्हणजे टांकसाळीशीं गर्दी होई आणि पाळी येण्यास आठवडे लागत. इकडे माल घेण्याचा हंगाम थांबत नसे. अशा वेळीं सराफ कांहीं वटाव कापून तात्काळ रुपये देत. तावेर्नियेनें आपल्या प्रवासवर्णनांत कोणतें नाणें हिंदुस्थानांत नेलें असतां किती रुपये पदरांत पडतात याचा तपशील दिला आहे, तो याचमुळें. त्याच्या वाचकांस सिंहाशीं व योद्ध्याशीं कर्तव्य नव्हतें, भट्टींतून काय उरतें तेवढेंच पाहिजे होतें.

भट्टीचें काम कसें चाले हें अबुल फझलानें आईन-इ-अकबरींत वर्णिलें आहे. जमिनींत खळगा करून त्यांत थोडें शेण घालीत, वर बाभळीच्या लांकडाची राख भरून ती भिजवून परळाचा आकार देत. त्यांत हिणकस रुपें व योग्य प्रमाणांत शिसें घालून वर निखारे रचीत व भाता चालवीत. शिसें तापून हिणासह राखेंत मुरे आणि मध्यें शुद्ध रुपें राही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं याचें कारण शोधावें. शिसें व तांबें यांचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होतो, रुप्याचा त्या उष्णतेंत होत नाहीं. नंतर त्या रुप्याच्या कांबी ओतून, तुकडे तोडून, प्रत्येक तुकडा वजनास बरोबर करून चकती बनवीत, आणि शेवटीं शिक्केवाला ती दोन ठशांमध्यें धरून वर घण मारी. मोगली रुपयाचें वजन सुमारें साडेअकरा ग्रॅम, आणि कस बहुधा शेंकडा ९६ च्या वर. त्या काळच्या जगांत इतक्या उंच कसाचीं नाणीं थोडीं होतीं.

विद्यार्थ्यांनीं येथें त्रैराशिक मांडावें. सिंह-डाल्डरांत शुद्ध रुपें २०.७६ ग्रॅम. एका रुपयांत सुमारें ११.१ ग्रॅम धरा. भागाकार १.८७ येतो. त्यांतून टांकसाळीचा खर्च वजा केला म्हणजे एका सिंहाचे पावणेदोन रुपयांच्या आसपास होतात. राइक्सडाल्डराचे याच रीतीनें जवळजवळ दोन रुपये तीन आणे होतात. परदेशांत रूपावर खपणारा सिंह येथें सराफाच्या कसोटीपुढें आला, कीं त्याची खरी किंमत उघडी पडे. अरबांनीं त्यास कुत्रा म्हटलें, आमच्या सराफांनीं त्यास नांवच ठेविलें नाहीं.

नवा रुपया टांकसाळीबाहेर पडला कीं त्यावर हॉलंडची खूण उरत नसे. औरंगजेबानें १६५९ त नाण्यांवरील कलमा बंद करून त्या जागीं फारसी द्विपदी घातली. तींत सोन्याच्या नाण्यास सूर्याची व रुप्याच्या नाण्यास पौर्णिमेच्या चंद्राची उपमा दिलेली आहे. दुसर्‍या बाजूस टांकसाळीचें नांव व राज्यारोहणाचें वर्ष असे. आपल्या शहरांतही टांकसाळ होती. तिच्या रुपयांवर कधीं 'औरंगाबाद' असें, तर कधीं 'खुजिस्ता बुनियाद' असें नांव आढळतें. खुजिस्ता बुनियाद, म्हणजे शुभ पायाचें, हा या शहराचा दरबारी किताब होता. दख्खनवरील मोहिमांचा अफाट खर्च, सैन्याचे पगार, बैलांचा दाणा, हें सारें रुपयांत होई, आणि त्या रुपयांचें रुपें त्या काळीं या देशांत फारसें निघत नसे, तें समुद्रावरूनच येई. अमुक रुपयांत अमुक देशाचें रुपें आहे असें कोणास सांगतां येणार नाहीं, कारण भट्टींत पोतोसी, ॲम्स्टरडॅम व सुरत हीं सारीं एक होतात. पण खुजिस्ता बुनियादचा जुना रुपया हातांत आला तर वर्गांतल्या त्या प्रश्नाचें उत्तर कदाचित् आपल्या तळहातावरच पडलेलें असेल.

एका राज्याचें नाणें दुसरीकडे वटाव देऊनच चालावें, हें पालकांपैकीं वडील मंडळींस नवल वाटूं नये. निजामाच्या राज्यांत 'हाली' रुपया चाले आणि हद्दीपलीकडे इंग्रजांचा 'कलदार'. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आमच्या आजोबांच्या तोंडीं होता. यंत्राच्या कळीनें पाडलेला म्हणून कलदार. मोगलाईंत तर आपल्याच बादशहाच्या रुपयास वर्ष उलटलें कीं बट्टा लागे. ताज्या वर्षाच्या रुपयास 'सिक्का' म्हणत, त्यामागच्यास 'चलनी', आणि दोहोंच्या भावांत फरक असे.

हें सर्व सांगून झाल्यावर वर्गांतील दुसर्‍या एका मुलानें आपल्या आजीनें जपून ठेविलेले दोन रुपये आणून दाखविले. एक १९१८ सालचा, दुसरा १९४४ चा. दोहोंवर पंचम व सहावा जॉर्ज, दोहोंचें वजन ११.६६ ग्रॅम, रंगही जवळजवळ एक. आजीच्या मतें दोन्ही 'चांदीचे रुपये', आणि नातीच्या लग्नांत दोन्ही सारख्याच मानानें द्यावयाचे. आम्हीं ते प्रयोगशाळेंत नेले. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणें बारीक दोर्‍यानें बांधून, पाण्यानें भरलेल्या चंचुपात्रांत बुडवून त्यांचें वजन केलें. १९१८ चा रुपया पाण्यांत सुमारें १.१३ ग्रॅम हलका झाला, १९४४ चा १.२२ ग्रॅम. पहिल्यांत बारांत अकरा भाग रुपें आहे, दुसर्‍यांत निम्मेंच, कारण महायुद्धांत रुप्याची टंचाई पडून १९४० त सरकारनें कस उतरविला. हिणकस धातु हलकी, म्हणून ती तितक्याच वजनास अधिक जागा व्यापते व अधिक पाणी सारते. मुलाचा चेहरा उतरला. घरीं आजीस सांगावें कीं न सांगावें असें त्यानें मला विचारलें. मीं सांगावें असें म्हटलें. दुसर्‍या दिवशीं तो उत्तर घेऊन आला. आजी म्हणाल्या होत्या, "१९४४ चा रुपया माझ्या बापानें दिलेला आहे, तो हिणकस असला तरी मी बदलणार नाहीं. पण लग्नांत नातीला १९१८ चाच द्या."

ज्यांस घरीं हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं शतांश ग्रॅमपर्यंत दाखविणारा कांटा घ्यावा, कारण दोहोंतील अंतर नऊ शतांश ग्रॅमांचेंच आहे. अस्सल सिंह-डाल्डर याच रीतीनें पाण्यांत सुमारें २.७५ ग्रॅम हलका व्हावयास पाहिजे. तेवढ्याच वजनाच्या शुद्ध रुप्याचा तुकडा २.६४ ग्रॅमच हलका होईल. आमच्यापाशीं तें नाणें नव्हतें, म्हणून तो प्रयोग कागदावरच राहिला. कोणाच्या घरीं जुन्या पेटींत पंजे उगारलेला सिंह किंवा झिजलेला कुत्रा असलेलें मोठें नाणें असेल तर तें चिंचेनें वा राखेनें घांसूं नये, त्यानें अक्षरें जातात. पालकांच्या परवानगीनें शाळेंत आणून दाखवावें. तें शेत नांगरतांना जमिनींत सांपडलें असेल, तर १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें आधीं कलेक्टर कचेरींत वर्दी द्यावी लागते, हेंही ध्यानांत असावें.